तुटेपर्यंत थांबू नका: व्यावसायिक इमारतींच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व समिती सदस्य,
ठाणे आणि नवी मुंबईतील व्यावसायिक संकुलांच्या सोसायट्या

विषय: बेल्टवर चालणाऱ्या इनलाइन एक्झॉस्ट पंख्यांची तिमाही देखभाल बंद करण्याबाबत

स.न.वि.वि.

यंदाच्या देखभाल कंत्राटांचे जे मसुदे आमच्या हाती आले, त्यांतल्या काहींमध्ये एक बदल सारखाच आहे. एक्झॉस्ट पंख्यांची तिमाही तपासणी काढून टाकली आहे आणि तिच्या जागी ‘तक्रार आल्यास भेट, बेल्ट तुटल्यास बदल’ एवढी एक ओळ टाकली आहे. जोडीला वीजबचतीचे परिपत्रक: दुपारी 1 ते 4 एक्झॉस्ट बंद. हे दोन्ही निर्णय आम्हाला मान्य नाहीत. का मान्य नाहीत ते गाळेधारकांनाही कळावे, म्हणून हे पत्र सचिवांच्या टेबलावर न ठेवता सगळ्यांसमोर ठेवत आहोत.

वाशी, बेलापूर, महापे, वागळे इस्टेट या भागांतल्या इमारतींमध्ये हे पंखे उघडणारे, बांधणारे आणि परत टांगणारे आम्ही तंत्रज्ञ आहोत. कंत्राट ठरते त्या सभेत आम्हाला कोणी विचारत नाही. चौथ्या मजल्यावर वास आला की फोन मात्र आम्हालाच येतो, आणि फिरत्या बेल्टजवळ हातही आमचेच जातात. या विषयात आमचा संबंध एवढा आणि असा आहे.

ज्यांनी हा पंखा कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक मजल्यावरच्या स्वच्छतागृहाच्या जाळ्या एका उभ्या डक्टला (हवा वाहून नेणाऱ्या मार्गाला) जोडलेल्या असतात. त्या डक्टच्या वरच्या टोकाला, बहुधा शेवटच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये, पत्र्याच्या चौकोनी पेटीत पंखा टांगलेला असतो. हवा एका तोंडाने आत येते आणि समोरच्या तोंडाने सरळ बाहेर जाते. मोटर पेटीच्या बाहेर असते. तिच्यावर एक पुली, पंख्याच्या शाफ्टवर दुसरी, मध्ये एक किंवा दोन व्ही-बेल्ट, आणि शाफ्ट धरायला दोन बेअरिंग ब्लॉक. या रचनेचे दोन मोठे फायदे आहेत. दमट, घाणेरडी हवा मोटरवरून जात नाही आणि पुली बदलून पंख्याचा वेग हवा तसा बसवता येतो. बदल्यात यंत्र एकच गोष्ट मागते: बेल्ट, पुल्या आणि बेअरिंग यांच्याकडे ठरावीक वेळेला कोणीतरी बघायला हवे. समित्यांनी कात्री लावली आहे ती नेमकी यालाच.

आता तक्रारी.

पहिली, आणि सर्वांत मोठी, ‘बेल्ट तुटल्यास बदल’ या ओळीबद्दल. बेल्ट तुटतो तो शेवटचा दिवस असतो. त्याआधी कित्येक आठवडे तो घसरत असतो आणि त्या काळात मोटर चालू, आवाज चालू, पॅनेलवरचा दिवा चालू, फक्त हवा कमी. हिशेब सोपा आहे. चार पोलची मोटर मिनिटाला 1440 फेऱ्यांची, तिच्यावर 100 मिमीची पुली, पंख्यावर 160 मिमीची. पंखा 900 फेऱ्यांनी फिरायला हवा. टॅकोमीटरवर (फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रावर) 810 दिसले तर दहा टक्के वेग बेल्टमध्येच विरला. हवा वेगाच्या प्रमाणात निघते, म्हणजे हवाही दहा टक्के गेली. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो जवळजवळ 19 टक्के उतरतो. खालच्या मजल्यांपर्यंत ओढ पोचायची ती याच दाबाच्या जोरावर. त्यामुळे सातव्या मजल्यावर सगळे ठीक वाटते आणि पहिल्यावर नाक धरावे लागते. तक्रार आली तरी ‘पंखा चालू आहे साहेब’ असे सांगून वॉचमन ती मिटवतो. तो खोटे बोलत नाही. पंखा खरेच चालू असतो.

घसरणारा बेल्ट पुलीही खातो. पुलीच्या खाचेच्या भिंती सरळ असायला हव्यात. त्या आतून वाटीदार झाल्या की नवा बेल्टही खाली बसतो, खाचेच्या तळाला टेकतो आणि पकड जाते. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर बेल्ट तळाला घासतो आहे असे समजावे. अशा पुलीवर कितीही नवे बेल्ट चढवले तरी ते टिकत नाहीत, आणि दोष ‘बेल्टच्या क्वालिटी’ला जातो. वेळेवर काही शे रुपयांचा बेल्ट बदलला असता, तर दोन पुल्या आणि उतरवणी-चढवणीची मजुरी वाचली असती.

आपल्याकडे यात खाडीची हवा मिळते. जून ते सप्टेंबर दमटपणा असा असतो की दोन दिवस बंद राहिलेल्या पंख्याच्या पुलीवर तांबूस थर चढतो. सुरू केल्यावर तोच गंज सँडपेपरसारखा बेल्टची कड खरवडतो आणि गार्डच्या (बेल्टवरच्या झाकणाच्या) तळाशी काळी भुकटी साचते. ही भुकटी दिसली की बेल्ट कुठे चालला आहे ते कळते, पण दिसायला गार्ड उघडावे लागते. तक्रार येईपर्यंत ते कोणी उघडणार नाही, असे तुमचा मसुदा सांगतो.

दुसरी तक्रार: हवा कोणी मोजतच नाही. सर्व्हिस रिपोर्टवर ‘एक्झॉस्ट: ओके’ लिहिलेले असते. ओके म्हणजे किती? अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या 62.1 या मानकात सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी दर संडास व मुतारीमागे 50 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) धरले आहेत आणि गर्दीच्या वापरात 70. एका मजल्यावर दोन्ही बाजू मिळून आठ असतील तर किमान 400 आणि सात मजल्यांचे 2800. मोजणीही अवघड नाही. जाळीसमोर अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारे यंत्र) धरून पाच-सहा ठिकाणचे आकडे घ्यायचे आणि सरासरी काढायची. जाळीचे मोकळे तोंड 1 चौरस फूट आणि वेग मिनिटाला 200 फूट असेल तर तिथून 200 सीएफएम जातात. अशा दोन जाळ्या असल्या की मजल्याचे काम भागले. मजल्यागणिक दहा मिनिटे पुरतात.

न मोजल्यामुळे सर्वांत जास्त काळ लपून राहणारा दोष म्हणजे उलटा फिरणारा पंखा. बाहेर केबलचे काम झाले, पॅनेल बदलले किंवा मोटर रिवाइंड होऊन आली की तीन फेजपैकी दोन अदलाबदल होऊ शकतात. घरातला टेबल फॅन उलटा फिरला तर वारा मागे जाईल. या पंख्यात मागे झुकलेल्या पात्यांचे सेंट्रिफ्युगल चाक असते. ते उलटे फिरले तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त फारच कमी. जाळीला कागद लावला तर तो हलका चिकटतोही. म्हणून वरवर बघणाऱ्याला काही कळत नाही आणि पंखा महिनोन्महिने तसाच चालतो. पेटीवर दिशेचा बाण असतो. क्षणभर स्टार्टर दाबून सोडायचा आणि पंखा थांबताना पुली बाणाच्या दिशेने फिरते आहे ना ते बघायचे. उलटी फिरत असेल तर मोटरकडच्या दोन वायर अदलाबदल केल्या की प्रश्न सुटतो. खर्च शून्य. पण हे बघायला कोणीतरी वर चढले पाहिजे.

तिसरी तक्रार दुपारच्या बंदबद्दल. जेवणाची सुट्टी हीच स्वच्छतागृहांच्या गर्दीची वेळ, हे सांगायला तंत्रज्ञ लागत नाही. पंखा थांबला की उभा डक्ट रिकामा होत नाही, तो सगळ्या मजल्यांना जोडणारा बोगदा बनतो. एका मजल्यावरचा वास दुसऱ्या मजल्याच्या जाळीतून निघतो. विशेषतः ज्या एसी ऑफिसांमध्ये हवेचा दाब कमी असेल तिथे.

बचतीचा हिशेबही तपासून बघा. वाहिनीतून 1.5 किलोवॅट ओढणारा पंखा दिवसाला 10 तास आणि महिन्याला 26 दिवस चालला तर 390 युनिट होतात. रोज तीन तास बंद ठेवले तर 117 युनिट वाचतात. आता दुसरा मार्ग. वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. मोटरवरची 100 मिमीची पुली काढून 80 ची लावली तर पंखा 900 ऐवजी 720 फेऱ्यांवर येतो. हवा 80 टक्के राहते आणि पंख्याला लागणारी शक्ती साधारण 51 टक्क्यांवर उतरते. दिवसभर चालूनही महिन्याला 190 च्या आसपास युनिट वाचतात. बेल्ट आणि मोटरची घट धरून थोडे कमी धरा, तरी बंद ठेवण्यापेक्षा हा सौदा चांगला आहे. अट एकच. आधी मोजायचे आणि हवा गरजेपेक्षा जास्त निघत असेल तिथेच हे करायचे. व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारे यंत्र) लावून 50 ऐवजी 40 हर्ट्झवर चालवले तरी हिशेब हाच. मोजणी न करता टायमर लावणे हा त्यातल्या त्यात महागडा उपाय आहे.

याच्या उलटही घडते. हवा कमी पडते म्हणून कोणीतरी मोटरवर 100 च्या जागी 125 ची पुली चढवतो. वेग सव्वापट होतो आणि शक्ती जवळजवळ दुप्पट लागते, 1.95 पट. ओव्हरलोड रिले (जादा करंट आल्यास मोटर बंद करणारे साधन) ट्रिप होऊ लागला की रिलेचा आकडा वाढवतात. मग मोटर जळते. खरे कारण बहुतेक वेळा दुसरेच असते: गच्चीवरच्या लूव्हरमागे (तिरक्या पट्ट्यांच्या झरोक्यामागे) कबुतरांचे घरटे, धुळीने गच्च झालेली कबुतर-जाळी, पंख्याच्या तोंडाशी फाटून आत ओढला गेलेला कॅनव्हास, किंवा गंजून अर्धवट मिटलेला नॉन-रिटर्न डॅम्पर (हवा उलटी येऊ न देणारी झडप). पुली मोठी करण्याआधी ही चार ठिकाणे बघावीत. बदलल्यानंतर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे अँपिअर घेऊन ते नेमप्लेटच्या आत आहेत याची खात्री करावी. रिलेला हात लावू नये.

चौथी तक्रार जागेची आहे, आणि इथे आमचा राग थोडा जास्त आहे. शेवटच्या मजल्यावरचा गाळा विकला जातो, नवा मालक इंटिरियर करतो, आणि जिप्समचे छत एकसंध बंद होते. पंखा त्याच्या वर. हॅच (छतातले उघडता येणारे झाकण) ठेवले तर ते दिव्यांच्या रांगेत बसत नाही म्हणून दीड फूट बाजूला, बेल्टच्या उलट्या अंगाला. मग पोटावर आडवे होऊन, एका हातात टॉर्च धरून, पेटीच्या पलीकडे हात घालून बेल्ट चढवायचा. दीड किलोवॅटची मोटर वीस किलोच्या आसपास असते. ती या भोकातून उतरवायची कशी, याचे उत्तर इंटिरियरवाल्याकडे नसते. ना-हरकत देताना समितीनेच हे बघायला हवे होते. त्यात पंख्याजवळ आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) नसतो. स्विच तळमजल्याच्या पॅनेलवर आणि तिथे टायमर. वर बेल्टवर बोटे असताना खाली टायमरची वेळ झाली तर काय होईल, याचा विचार दुपारच्या बंदचे परिपत्रक काढताना कोणी केला होता का?

पाचवी थोडक्यात. तळमजल्यावरच्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यांची चिमणी स्वच्छतागृहाच्या डक्टमध्ये सोडलेली दिसते. तेलाची वाफ साध्या बेल्टचे रबर फुगवते, पात्यांवर चिकट थर चढून पंख्याचा तोल जातो, आणि त्या डक्टमध्ये आग लागली तर ती प्रत्येक मजल्यापर्यंत पोचते. हे ताबडतोब तोडा. यावर चर्चा नको.

रद्द केलेल्या तिमाही भेटीत नेमके काय होते तेही लिहून ठेवतो, कारण ‘येतात, बघतात, सही घेतात’ असा समज आहे आणि काही कंत्राटदारांनी तो खरा करून ठेवला आहे.

आधी वीज बंद करून कुलूप आणि पाटी. पंखा पूर्ण थांबल्यावर गार्ड उघडायचे. पुलीला हाताचा पाठचा भाग जवळ न्यायचा. ती हात धरवत नाही इतकी तापली असेल तर बेल्ट घसरतो आहे. बेल्ट बोटांत पिळून कडा बघायच्या. चकाकी, आडव्या भेगा, सुटलेले धागे यांपैकी काहीही असेल तर बदलायचा. दोन बेल्ट असतील तर दोन्ही, एकाच मापाचे आणि एकाच वेळी. जुना ताणलेला आणि नवा आखूड असे जोडीला लावले तर सगळा भार नव्यावर येतो. बेल्ट स्क्रूड्रायव्हरने उचकटून चढवायचा नाही, आतला धागा तुटतो. मोटरचे बोल्ट सैल करायचे, मोटर पुढे सरकवायची, बेल्ट हाताने बसवायचा. मग पुल्यांची रेषा. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरा ताणला की तो चारही ठिकाणी टेकायला हवा. तिरक्या रेषेत चाललेला बेल्ट एका कडेने झिजतो आणि फिरताना उडी मारतो.

ताण अंदाजाने नको. दोन पुल्यांमध्ये बेल्ट जेवढा मोकळा, त्याच्या मधोमध तो मीटरमागे 16 मिमी या हिशेबाने दबला पाहिजे. 400 मिमी मोकळा असेल तर साधारण साडेसहा मिमी. किती जोराने दाबायचे तो आकडा बेल्टच्या कंपनीच्या तक्त्यात असतो. सैल राहिला तर सुरू होताना किंचाळतो. फार ताणला तर आवाज येत नाही, सगळे खूश होतात, आणि काही महिन्यांत बेअरिंग बसते. नवा बेल्ट पहिल्या एक-दोन दिवसांत लांबतो, म्हणून 24 ते 48 तास चालल्यावर पुन्हा येऊन ताण घ्यावा लागतो. ही दुसरी भेट नव्या मसुद्यात तर नाहीच, जुन्या कंत्राटांतही क्वचितच होती. बेल्ट स्प्रे मारून आवाज बंद करणे हा उपाय नव्हे. तो चिकटपणा धूळ धरतो.

बेअरिंगला ग्रीस निपल असेल तर ग्रीस थोडेच. गन दाबत राहिले तर सील बाहेर येते. ग्रब स्क्रू घट्ट, टांगलेल्या सळ्यांचे लॉकनट जागेवर, रबर किंवा स्प्रिंगचे हँगर फाटलेले नाहीत, हे बघायचे. शेवटी फेऱ्या, अँपिअर आणि प्रत्येक मजल्यावरची हवा मोजून वहीत मागच्या भेटीच्या आकड्यांशेजारी लिहायची. शेजारी लिहिल्याशिवाय उतार दिसत नाही. खालच्या मजल्यांना हवा कमी आणि वरच्यांना जास्त असेल तर वरचे डॅम्पर थोडे बंद करून वाटणी नीट करायची. दाराखाली फट किंवा लूव्हर नसेल तर तेही नोंदवायचे. आत हवा येऊ दिली नाही तर पंखा बाहेर काय टाकणार?

आमच्या मागण्या अशा:

1. ‘बेल्ट तुटल्यास बदल’ ही ओळ काढून तिमाही तपासणी परत आणावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दरमहा एकदा निदान गार्ड उघडून बघावे.

2. प्रत्येक भेटीच्या अहवालात फेऱ्या, तिन्ही फेजचे अँपिअर, फिरण्याची दिशा आणि मजल्यागणिक सीएफएम हे आकडे असावेत. आकड्यांविना अहवालाचे बिल मंजूर करू नये.

3. प्रत्येक पंख्याजवळ कुलूप लावता येणारा आयसोलेटर बसवावा. तो बसेपर्यंत टायमर काढून ठेवावा.

4. बेल्टच्या बाजूला किमान 600 बाय 600 मिमीचे हॅच आणि मोटर निघेल एवढी जागा. ही अट गाळ्याच्या इंटिरियरच्या ना-हरकत पत्रात लिहावी.

5. दुपारचे बंद मागे घ्यावे. वीज वाचवायची असेल तर आधी मोजणी करावी, मग पुली किंवा व्हीएफडी.

6. प्रत्येक पंख्यासाठी बेल्टचा एक जादा संच, मापाची चिठ्ठी लावून, इमारतीतच ठेवावा. रविवारी बेल्ट गेला तर सोमवारी दुकान उघडेपर्यंत थांबायचे कारण नाही.

7. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) देताच. त्याच वेळी एक्झॉस्टच्या मोजणीचा तक्ता नोटीस बोर्डावर लावावा, म्हणजे गाळेधारक स्वतः वाचतील. तळघरातून धूर काढणारे पंखे वेगळ्या कसोटीचे असतात. त्यांना या कंत्राटाच्या ओळीत कोंबू नये, त्यांची देखभाल स्वतंत्र लिहावी.

सगळ्यांत कमी दराची निविदा उघडताना एक प्रश्न विचारा: या दरात टॅकोमीटर आणि अ‍ॅनिमोमीटर घेऊन माणूस वर चढणार आहे का, आणि बेल्ट बदलल्यावर दोन दिवसांनी परत येणार आहे का? उत्तर लेखी घ्या. मसुदा अंतिम होण्याआधी कोणत्याही समितीने एखाद्या शनिवारी दुपारी पंखा उघडून दाखवायला सांगितले तर आम्ही विनाशुल्क येऊ. समितीतला निदान एक सदस्य शिडीवर चढायला तयार असावा, एवढीच विनंती.

आपले,
ठाणे-नवी मुंबईतील एक्झॉस्ट यंत्रणांची देखभाल करणारे तंत्रज्ञ